'व्हॉट वी डू इन द शॅडोज': सिनेमाची मालिका होताना (आणि मुंबईत घडलं तर?)

निशाचर_दादर

'व्हॉट वी डू इन द शॅडोज' डिसेंबर २०२४ मध्ये संपली. सहा सीझन, ६१ भाग. इथे शोधलं तर तिच्यावर धागाच नाही. गेल्या काही वर्षांत एवढ्या मनापासून मी दुसरं काही पाहिलेलं नाही, म्हणून धागा काढतोय. कथेतल्या काही गोष्टी उघड होतील, ज्यांना ते नकोय त्यांनी पहिला सीझन बघून मग इकडे यावं.

थोडक्यात ओळख. मूळ सिनेमा २०१४ चा, न्यूझीलंडचा. जेमेन क्लेमंट आणि टायका वायटीटी या दोघांनी लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामंही केली. वेलिंग्टनमध्ये एका घरात चार व्हॅम्पायर भाड्याने राहिल्यासारखे एकत्र राहतात आणि एक माहितीपटवाली टीम त्यांचं रोजचं जगणं टिपते. सुरुवातीलाच पाटी येते की टीममधल्या प्रत्येकाने गळ्यात क्रूस घातलेला होता आणि न मारण्याचं वचन घेतलेलं होतं. मग घरातल्यांची बैठक भरते. विषय काय, तर पाच वर्षं भांडी घासली गेलेली नाहीत आणि पाळी डीकनची आहे. वियागो पाहुणीचं रक्त पिण्याआधी सोफ्याखाली वर्तमानपत्रं पसरतो, कारण डाग पडले तर साफ त्यालाच करावं लागतं. सिनेमाचा सगळा सूर या दोन प्रसंगांत आला.

मालिका २०१९ मध्ये एफएक्स या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली. निर्मिती क्लेमंटचीच, पण शहर बदललं, माणसं बदलली. न्यूयॉर्कचा स्टेटन आयलंड भाग, मोडकळीला आलेला वाडा, त्यात नँडोर, लाझलो आणि त्याची बायको नाद्या हे तीन जुने युरोप-आशियातले व्हॅम्पायर. चौथा कॉलिन रॉबिन्सन, त्याच्यावर सविस्तर बोलूच. आणि गिएर्मो, नँडोरचा मानवी सेवक. व्हॅम्पायर करून मिळेल या आशेवर दहा वर्षं राबतोय.

आता मला जे म्हणायचंय ते. सिनेमावरून मालिका काढली की बहुतेक वेळा ती पातळ होते. ही झाली नाही, त्याचं कारण मला असं वाटतं: विनोदी मालिकेला न बदलणारी माणसं लागतात. कितीही घडलं तरी पुढच्या आठवड्यात ती तशीच हट्टी, तशीच आळशी परत यायला हवीत. साध्या माणसांच्या बाबतीत हे काही वर्षांनी खोटं वाटायला लागतं. तीस वर्षांचा माणूस चाळिशीला आला तरी त्याच चुका कशा करतो, हा प्रश्न पडतोच. व्हॅम्पायरच्या बाबतीत तो पडत नाही. नँडोर सातशेहून जास्त वर्षांचा आहे, तो आता काय बदलणार? पहिल्याच भागात त्यांचा वरिष्ठ व्हॅम्पायर, बॅरन, समुद्रापलीकडून येतो आणि विचारतो, नवं जग जिंकायला पाठवलं होतं तुम्हाला, कुठवर आलात? जिंकलंय काय, तर आपली गल्ली आणि शेजारचा थोडा रस्ता. दोन-अडीचशे वर्षांत एवढंच. मला तिथे हसू आलं आणि पुढच्याच क्षणी त्यांची कणव आली.

या घरात वय फक्त गिएर्मोचं वाढतं. म्हणून सहाही सीझन मालिका त्याची आहे.

तुमचं मत सांगा. ज्यांना सिनेमाच जास्त आवडतो त्यांनी तर नक्की लिहा.

सुरंगी

धाग्याबद्दल धन्यवाद. मी सिनेमाच्या बाजूची.

सिनेमा जेमतेम दीड तासाचाही नाही. त्यासाठी शंभराहून जास्त तासांचं चित्रीकरण केलं होतं, कारण संवाद बरेचसे जागच्या जागी सुचलेले आहेत. त्यातून नेमकं तेवढं ठेवायचं हे फार कठीण काम आहे आणि ते सिनेमात जाणवतं. एकही प्रसंग लांबत नाही. आणि पीटर! आठ हजार वर्षांचा, तळघरातल्या दगडी शवपेटीत पडून असलेला, जवळजवळ न बोलणारा. बाकीचे तिघे त्याला घरातल्या म्हाताऱ्यासारखं सांभाळतात. तो उन्हात जळून जातो त्या प्रसंगानंतर घरात जी शांतता आहे तशी मालिकेत मला कुठे सापडली नाही.

स्टूसुद्धा. एक साधा, गप्प, संगणकावर काम करणारा माणूस. सगळे व्हॅम्पायर त्याच्यावर इतका जीव लावतात की त्याला खायचं नाही असं ठरवून टाकतात. ही मैत्री मला गिएर्मोच्या सहा सीझनपेक्षा जवळची वाटली.

मालिका वाईट नाही. पण चौथ्या सीझनमधला नाइटक्लब मला ताणलेला वाटला.

लालबागकर

दोन्ही पाहिलंय. कॉलिन रॉबिन्सनवर बोला राव, तो सिनेमात नाहीच. मालिकेचा खरा शोध तोच.

मनवा_ठाणे

लालबागकर, अगदी!

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: कॉलिन हा ऊर्जा पिणारा व्हॅम्पायर. रक्त नाही, दात नाहीत, उन्हाचं भय नाही. मळकट रंगाचा स्वेटर, टक्कल, चष्मा, ऑफिसात नोकरी. सहकाऱ्याच्या टेबलाशी उभा राहून तो असं काहीतरी बोलत राहतो की समोरचा गळून जातो, आणि कॉलिनच्या डोळ्यांत चमक येते. पोट भरलं.

मार्क प्रोक्श हा नट हे कसं करतो ते मी नीट बघितलंय. तो कधी ओरडत नाही, अपमान करत नाही, चिडवतही नाही. त्याची माहिती बरोबर असते. समोरच्याला उठून जाता येऊ नये एवढंच तो सांभाळतो. वाक्य संपत आलं असं वाटलं की त्याला एक पोटवाक्य जोडतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मागच्या इतिवृत्ताच्या मंजुरीपासूनच असा एक आवाज सुरू होतो. मी त्या सभेत बसले होते आणि मला कॉलिन आठवला. तेव्हापासून मी त्या गृहस्थांचं बोलणं वेगळ्या लक्षाने ऐकते.

पहिल्याच सीझनमध्ये त्याच्या ऑफिसात दुसरी एक येते, ती भावना पिणारी. सतत आपली दुःखं सांगते, लोक हळहळतात आणि ती पोट भरते. दोघांची आधी स्पर्धा, मग प्रेम. एक नियम घेतला आणि तो शेवटपर्यंत ताणून बघितला, हे मला फार आवडलं.

आणि तो मरतो तेव्हा? शंभराव्या वर्षी ऊर्जा-व्हॅम्पायर मरतो हे लाझलोला पुस्तकातून कळलेलं असतं. तो कुणालाही न सांगता शेवटचे महिने कॉलिनबरोबर फिरतो, त्याची बडबड ऐकतो. ज्याला कॉलिनचा सगळ्यात जास्त कंटाळा तोच. मी त्या भागात रडलेय.

निशाचर_दादर

सुरंगी, पीटरबद्दल पूर्ण सहमत. पण स्टू सिनेमाच्या शेवटी तिथेच राहतो, पुढे काय हे विचारायची गरजच पडत नाही. मालिकेला ते विचारावंच लागतं. दहा वर्षं झाली, अकरावं लागलं, आता या माणसाचं काय करणार? पहिल्या भागात गिएर्मोच्या सेवेला दहा वर्षं पूर्ण होतात. त्याला वाटतं आज आपल्याला व्हॅम्पायर करणार. नँडोर त्याला भेट देतो. काय? चकचकीत चमकी लावून स्वतः बनवलेलं दोघांचं चित्र. गिएर्मो झालेला हार्वी गिएन त्या वेळी चेहऱ्यावर जे करतो ते बघा. निराशा दिसू द्यायची नाही, आभार मानायचे, चित्र खाली पडू द्यायचं नाही, सगळं दोन सेकंदांत. आणि नँडोरने ते चित्र खरंच प्रेमाने केलेलं असतं, हे त्याहून वाईट.

मनवा, कॉलिनचं पुढे जे होतं ते तर केवळ मालिकेतच शक्य होतं. मेलेल्या देहातून बाळ बाहेर येतं आणि चौथा सीझनभर लाझलो त्याला वाढवतो. लहान मुलांच्या अंगावर प्रोक्शचा चेहरा बसवला आहे. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो, तीन-चार भागांनी ते मूल खरंच घरातलं वाटायला लागतं.

जुनी_रिळं

या प्रकाराला मोठी परंपरा आहे, ती इथे नोंदवून ठेवतो.

'टॉपर' हा १९३७ चा सिनेमा. अपघातात मेलेलं श्रीमंत, मजेत जगणारं जोडपं भूत होऊन एका भित्र्या बँकवाल्याच्या मागे लागतं. १९५३ ते १९५५ त्याची मालिका झाली. मग 'द घोस्ट अँड मिसेस म्यूर', १९४७. समुद्रकाठच्या घरात विधवा राहायला येते आणि तिथे आधीपासून एका जहाजाच्या कप्तानाचं भूत असतं. तो सिनेमा विनोदी आहे पण मुळात ती प्रेमकथा आहे, आणि ती पुरी होण्यासाठी तिला म्हातारं होऊन मरावं लागतं. १९६८ ते १९७० तिची विनोदी मालिका निघाली, ५० भाग. मालिकेत अर्थातच ती म्हातारी होत नाही. मरणच काढून टाकलं की गोष्टीत फक्त गोड कुरबुरी उरतात. निशाचर म्हणतात तो मुद्दा इथे उलटा लागू होतो. भूत बदलत नाही हे ठीक, पण शेजारच्या जिवंत माणसाचा काळही थांबवला तर भुताला अर्थ राहत नाही. 'शॅडोज'वाल्यांनी गिएर्मोचा काळ चालू ठेवला, म्हणून ती टिकली.

आणि 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' विसरून चालणार नाही. व्हॅम्पायर मारणाऱ्या शाळकरी मुलीचा हा १९९२ चा सिनेमा लेखक जॉस व्हेडनच्या मनासारखा झाला नाही, त्याने १९९७ मध्ये तीच कल्पना मालिकेत परत मांडली आणि ती सात सीझन चालली. निव्वळ विनोदी म्हणता येणार नाही तिला, पण विनोद भरपूर आहे. शाळेत जाणं हे किती भयंकर असतं हे सांगायला तिने राक्षस वापरले.

'शॅडोज'च्या सिनेमाला तर दोन मालिका झाल्या. सिनेमात घराची झडती घ्यायला दोन पोलीस येतात, त्यांच्यासमोर सगळं घडतं तरी संमोहनामुळे त्यांना काही दिसत नाही. ते तपासतात काय, तर घरात धुराचा अलार्म लावलाय का. त्याच दोघांना घेऊन २०१८ ला न्यूझीलंडमध्ये 'वेलिंग्टन पॅरानॉर्मल' आली, चार सीझन. ओ'लिअरी आणि मिनोग. भूत समोर उभं असताना शांतपणे नाव-पत्ता विचारणारे पोलीस.

सुरंगी

जुनी_रिळं, मिसेस म्यूरबद्दल वाचून बरं वाटलं. तो सिनेमा माझ्या आईचा आवडता. मालिका झाली होती हे माहीतच नव्हतं.

गौरी_बोरिवली

मी मालिका एका वेगळ्याच कारणासाठी बघते. ती घरकामाबद्दल आहे.

सातशे वर्षांचा योद्धा, पण शवपेटीचं झाकण गिएर्मोने उघडायचं. प्रेतं गिएर्मोने पुरायची, पडदे गिएर्मोने ओढायचे, फरशीवरचं रक्त गिएर्मोने पुसायचं. त्याला पगार नाही. झोपायला जिन्याखालची खोली. घरातल्यांचं त्याच्यावर प्रेम आहे का? आहे, आपल्या परीने. पण त्याचं नाव लाझलो नीट घेत नाही. आणि एकदा त्याने काम थांबवलं की घराचं काय होतं ते तिसऱ्या सीझनच्या आधीच दिसतं.

मुंबईत आपल्यापैकी किती घरं अशी कुणाच्या तरी हातांवर चालतात! सकाळी साडेसातला येणाऱ्या ताई गावी गेल्या की आमच्या मजल्यावर काय हाहाकार उडतो ते मी दर मे महिन्यात बघते. त्या पगार घेतात, हा फरक आहेच, आणि तो मोठा आहे. पण 'तू तर घरातलीच' हे वाक्य पगारवाढीच्या वेळी हमखास निघतं. गिएर्मोला तेच वाक्य दहा वर्षं ऐकवलं आहे.

नंतर कळतं की तो व्हॅन हेल्सिंगच्या वंशातला आहे, व्हॅम्पायर मारणं त्याच्या रक्तात आहे. ज्यांची सेवा करतो त्यांना तो कधीही संपवू शकतो, तरी करत नाही. लेखकांनी त्याला बळी केलं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

लालबागकर

गौरीताई, भारी लिहिलंय. या नजरेने बघितलं नव्हतं.

कॅमेरामागे

मी मराठी मालिकांवर काम करतो, गेली बरीच वर्षं. कुठल्या ते सांगत नाही. 'मराठीत असं का होत नाही' हा प्रश्न पुढे येणारच आहे म्हणून आधीच लिहितो.

आपल्याकडे मालिका म्हणजे रोजची. आठवड्याला सहा भाग, कधी महाएपिसोड. हातात चार-पाच भागांची बँक असली तर युनिट खूश, नसली तर आज शूट केलेलं परवा दिसतं. त्या वेगात विनोद लिहिता येतो, पण नियम सांभाळता येत नाहीत. आणि भुताच्या विनोदात नियमच सगळं असतात. भूत भिंतीतून जातं की दार उघडून? त्याला भूक लागते का? कोणाला दिसतं? सोमवारी एक लेखक एक ठरवतो, महिन्याने ट्रॅक बदलतो, दुसरा संवादलेखक येतो आणि भूत चहा प्यायला लागतं. प्रेक्षक हुशार असतो. भीती गेली तरी तो चालवून घेतो. नियम मोडलेला तो विसरत नाही.

'शॅडोज' दर वर्षी दहा भाग करायची (शेवटच्या सीझनला अकरा). दुसऱ्या सीझनमध्ये बघा. कुणीतरी विचार केला की व्हॅम्पायर म्हणजे मेलेला माणूस, मग त्या मेलेल्या माणसाचं भूतही कुठेतरी असलंच पाहिजे. झाला भाग तयार. तिघांची भुतं बोलावली, आपल्याच भुताशी गाठ पडली. नाद्याचं भूत एका बाहुलीत शिरलं आणि पुढचे सगळे सीझन ती बाहुली घरात नांदली, तिचे स्वतःचे रुसवेफुगवे घेऊन. असा धागा ओढायला लेखकांच्या खोलीत महिनोन्महिने बसावं लागतं.

दुसरी गोष्ट, अंधार. त्यांची मालिका जवळजवळ पूर्ण रात्रीची आहे आणि तरी चेहरे नीट दिसतात. मेणबत्त्या, दिवे, गडद लाकूड. चित्रीकरण टोरोंटोत. मूळ सिनेमाच्या दोन छायालेखकांपैकी डी. जे. स्टिप्सेन मालिकेलाही होते, म्हणून तो धावता कॅमेरा दोन्हीकडे एकाच हाताचा वाटतो. कॅमेरा थोडा उशिरा वळतो, माणूस उडालेला असतो, आपल्याला फक्त कोटाचं टोक दिसतं. खर्च वाचतो आणि हसूही येतं. आपल्याकडे मढच्या बंगल्यात एका दिवसात वीस-बावीस मिनिटांचं काम उरकायचं असतं, सगळीकडून सारखा उजेड मारून ठेवला की फ्रेम बदलायला वेळ जात नाही. भूत आलं की मागून निळा दिवा आणि धूर. मी स्वतः तो धूर सोडलाय, आणि दर वेळी वाईट वाटलंय.

वेषभूषेसाठी या मालिकेला २०२२ मध्ये एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. कपडे नीट बघा. प्रत्येक जण ज्या शतकात मेला त्या शतकात अडकलेला आहे.

निशाचर_दादर

कॅमेरामागे, हा प्रतिसाद म्हणजे खजिना आहे. मनापासून आभार.

मग मुंबईत करायचीच झाली आणि दहाच भागांची, तर कुठे? आणि भुतं कोणती? रक्त पिणारे व्हॅम्पायर आपले नाहीतच. आपल्याकडे मुंजा, हडळ, ब्रह्मसमंध, गिऱ्हा, चकवा, झोटिंग असा मोठा गोतावळा आहे आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, पिंपळावर राहणार. चकवा रात्री माणसाला एकाच जागी फिरवत ठेवणार. हे लेखकाला आयतं मिळालेलं आहे.

लालबागकर

माझ्याकडे आहे एक. बरीच वर्षं डोक्यात आहे.

आमच्या आजोबांची पिढी गिरणीतली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. समजा त्याआधीच कधीतरी एक साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, रातपाळीत गेला आणि भूत झाला. त्याचा नियम एकच. पाळी सुरू झाली की खात्यात हजर, आणि सुटीचा भोंगा झाला की त्याला जाता येतं. आता भोंगाच वाजत नाही. गिरणी पाडली, तिथे टॉवर झाला. त्याचा साचा होता त्या जागी विसाव्या मजल्याची लिफ्ट थांबते की जिम आहे, त्याला काही कळत नाही. पाळी संपतच नाही. तो आपला टॉवरमध्ये फिरतो आणि भेटेल त्याला विचारतो, बाबा, किती वाजले?

त्याच्या जोडीला टॉवरच्या जागेवरच्या पिंपळावरचा मुंजा. पिंपळ बिल्डरने मुळासकट उचलून पोडियमच्या बागेत लावला, मुंजा बरोबर आला. आठ वर्षांचा पोर, संध्या पाठ, सोसायटीच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळायचंय. आणि चाळीतल्या खोलीवर अजून हक्क सांगणारी एक म्हातारी, जिच्या नावची भाडेपावती आहे पण पात्र भाडेकरूंच्या यादीत नाव नाही. मेली म्हणून वगळलं. ती म्हणते, पावती जिवंत आहे ना?

गिएर्मोच्या जागी टॉवरचा रात्रीचा वॉचमन. त्याला तिघेही दिसतात, कारण रात्री जागा फक्त तोच.

मनवा_ठाणे

लालबागकर, हे लिहून काढा! पावती जिवंत आहे ना, यावर पूर्ण भाग होईल.

आणि ऊर्जा पिणारा कोण हे सांगायलाच नको. पुनर्विकास समितीचा सचिव.

कॅमेरामागे

भोंग्याचा नियम अप्रतिम आहे. स्पष्ट, एका ओळीत सांगता येणारा, आणि त्यातून शेवटही निघतो. दहाव्या भागात कुणीतरी भोंगा वाजवायचा की नाही, एवढाच प्रश्न. लालबागकर, तुम्हाला निरोप पाठवतोय, बघा.

आरवलीची_लेक

सगळं आवडीने वाचतेय. एकच विनंती.

वर गोतावळ्याच्या यादीत वेताळाचं नाव नाही याचं बरं वाटलं, पण कुणीतरी पुढे आणेल म्हणून लिहिते. सिंधुदुर्गातल्या आम्हा आरवलीकरांचा वेतोबा, म्हणजे वेताळच, हा देव आहे. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, चपला झिजतात, म्हणून नवस फेडायला त्याला मोठाल्या चामडी चपला आणि केळ्यांचा घड वाहतात. मुंबईत जन्मलेली आमच्याकडची माणसंही जत्रेला आरवलीला जातात. झिजणाऱ्या चपला हा विनोदी लेखकाला मोह पाडणारा तपशील आहे हे मला कळतं. पण त्याला 'भूतांचा राजा' म्हणून सोफ्यावर बसवू नका. मुंजाला, चकव्याला घ्या, ते आमच्या आजीच्या गोष्टीतही फजितच व्हायचे.

निशाचर_दादर

ताई, योग्य बोललात. ज्याची पूजा होते त्याला यात ओढायचं नाही, हे ठरलं.

जुनी_रिळं

मराठीत नियमांचा विनोद झालाच नाही असं मात्र नको. 'झपाटलेला' आठवा. १९९३, महेश कोठारे. तात्या विंचूला बाहुल्यातून सुटायचं तर लक्ष्याच्याच शरीरात शिरावं लागणार, आणि त्याला मारायचं तर गोळी भुवयांच्या मधोमध लागली पाहिजे. आमच्या गिरगावातल्या प्रत्येक पोराला हे दोन्ही नियम तोंडपाठ होते. दिलीप प्रभावळकरांचा आवाज, रामदास पाध्यांचा बाहुला आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. बाहुला एवढासा, तरी थिएटरात मुलं आईच्या कुशीत शिरायची आणि लगेच हसायची.

बाहुल्यात गुंडाचा आत्मा ही कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या अमेरिकन सिनेमातली. त्या सिनेमाची पुढे २०२१ मध्ये 'चकी' ही मालिका आली आणि तीन सीझन चालली. तात्या विंचूची दहा भागांची, रात्रीचा उजेड नीट असलेली मालिका कुणी केली तर मी पहिल्या दिवशी बघेन.

गौरी_बोरिवली

मीही. आणि लक्ष्याची उणीव भरून काढायचा प्रयत्न कुणी करू नये, नवा माणूस नव्या घाबरण्यासह यावा.

एक विचारायचं होतं. निशाचर, मालिका संपते कशी? मी पाचव्या सीझनपर्यंत आलेय. सांगितलं तरी चालेल.

निशाचर_दादर

सगळं सांगत नाही, रचनेपुरतं सांगतो. माहितीपटवाले म्हणतात की आमच्याकडे पुरेसं चित्रीकरण झालं, आम्ही निघतो. एवढंच घडतं. व्हॅम्पायरांना त्याचं काहीच वाटत नाही, कारण कित्येक दशकांपूर्वीही त्यांच्यावर एक माहितीपट काढला गेला होता. त्याच सवयी, तीच भांडणं. कॅमेरा जाण्याचं दुःख घरात एकट्या गिएर्मोला होतं. त्याला आयुष्यात कुणीतरी पहिल्यांदा नीट बघत होतं. त्यानंतर तो आणि नँडोर यांच्यात जे होतं ते तुम्हीच बघा.

सुरंगी

हे वाचून शेवटचा सीझन बघावासा वाटतोय. नाइटक्लबचा सीझन गाळला तर चालेल का?

निशाचर_दादर

गाळू नका, लहानगा कॉलिन त्यातच आहे.

प्राजक्त_वसई

नवीन आहे इथे. यातलं काहीच पाहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू? आणि आईबाबांबरोबर बघता येईल का? आमच्याकडे टीव्ही एकच आहे, हॉलमध्ये.

मनवा_ठाणे

प्राजक्त, आईबाबांबरोबर 'शॅडोज' अजिबात नको. लाझलोची अर्धी वाक्यं हॉलमध्ये ऐकण्यासारखी नाहीत, रक्तही बरंच आहे. मोबाइलवर, हेडफोन लावून. वसई ते चर्चगेट प्रवास असेल तर जाता-येता तीन-तीन भाग होतात, वीस-पंचवीस मिनिटांचा एक.

जुनी_रिळं

हॉलमध्ये 'वेलिंग्टन पॅरानॉर्मल' लावा. घरच्यांना चालेल, आणि आधी काहीही पाहिलेलं असण्याची गरज नाही.

निशाचर_दादर

आधी सिनेमा, मग पहिल्या सीझनचे दहा भाग सलग. सातव्या भागात व्हॅम्पायरांचं न्यायमंडळ बसतं, तिथे टिल्डा स्विंटन, डॅनी ट्रेहो असे जुन्या सिनेमांत व्हॅम्पायर झालेले नट स्वतःच्या नावाने येतात, वेस्ली स्नाइप्स व्हिडिओ कॉलवर. आणि मूळ सिनेमातले तिघेही. म्हणून सिनेमा आधी.

तरी मन लागलं नाही, तर दुसऱ्या सीझनचा सहावा भाग बघा. लाझलोने फार जुनं भाडं बुडवलेलं असतं, वसुलीला एक व्हॅम्पायर येतो, ते काम मार्क हॅमिल या नटाने केलंय. लाझलो पळून दुसऱ्या गावात बार चालवायला लागतो. वेषांतर काय, तर जीन्स आणि दातांत एक काडी. तेवढ्याने त्याला कोणी ओळखत नाही. गावातल्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघासाठी तो जीव टाकतो. तो भाग आवडला तर परत येऊन पहिल्यापासून सुरू करा, आणि कसं वाटलं ते इथे लिहा.

प्राजक्त_वसई

धन्यवाद सगळ्यांना. सिनेमा शनिवारी. लालबागकर, तुमच्या रातपाळीवाल्या भुताचं पुढे काय झालं तेही इथेच कळवा.